रायलीचा भिडू

डॉक्टर वयाने लहान होती, आणि तौनोला सगळं माहीत आहे असं ती धरून चालली होती.

"नोव्हेंबरात आमचं बोलणं झालं तेव्हाच मी रायलीबाईंना सांगितलं होतं," कॉम्प्युटरकडे बघत ती म्हणाली, "की उपचार घेतले तर चार-पाच महिने जास्त मिळतील. त्याहून जास्त नाही. त्या नको म्हणाल्या. आता तर तो प्रश्नच राहिलेला नाही."

"कुठल्या नोव्हेंबरात?" तौनोने विचारलं.

डॉक्टरने पडद्यावरची नजर काढली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार होता. बाहेर उणे पंचवीस. तौनोने खुर्चीत बसल्या बसल्या महिने मोजले. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. म्हणजे मधला नाताळ त्यात आला. थायलंडमधले तीन आठवडे त्यात आले. त्या तीन आठवड्यांत त्याची बायको रायली सुरूच्या झाडाखाली बसून खेकडे फोडत होती, त्याचा मित्र कालेवीशी पत्त्यांवरून भांडत होती, आणि तिला माहीत होतं.

तो इस्पितळातल्या तिच्या खोलीत गेला. ती उशीला टेकून बसली होती. डोळे पिवळे झाले होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होते. आल्यावर."

"कुठून आल्यावर?"

"थायलंडहून. आलोय की आता." ती थोडी हसली. "तौनो, टोपी काढ. आत आलायस तू."

त्याने टोपी काढली आणि हातात धरून बसला.

रायली नऊ एप्रिलला गेली. त्या आठ आठवड्यांत दोघं पुष्कळ बोलली. बॉयलरची टाकी कधी साफ करायची, मुलाला रविवारी फोन करायचा, हिवाळी पडदे कोणत्या कपाटात आहेत. पण एक गोष्ट तौनोने विचारली नाही. आणखी कुणाला माहीत होतं? विचारलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. म्हणूनच त्याने विचारलं नाही.

केमियार्वीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचा ट्रक तौनोने चौतीस वर्षं चालवला. दुसरा ट्रक कालेवीचा. गाव झोपेत असताना हे दोघं निघायचे आणि लोक कामाला निघायच्या आत रस्ते मोकळे करायचे. फिनलंडच्या त्या टोकाला डिसेंबरात बर्फ पडत नाही असा नाताळ नसतो. चोवीस तारखेला टेबल मांडलेलं असायचं, मांस भट्टीतून निघालेलं असायचं, आणि फोन वाजायचा. तौनो बूट चढवायचा. गावाच्या दुसऱ्या टोकाला कालेवीही बूट चढवायचा. मग कालेवीची बायको हेल्का भांडी टॉवेलात गुंडाळून रायलीकडे यायची आणि दोघी मिळून नाताळ करायच्या. असे तीसेक नाताळ त्या दोघींनी एकत्र काढले. नवरे परत यायचे तेव्हा मेणबत्त्या संपलेल्या असायच्या.

दोघे एकाच वर्षी निवृत्त झाले. त्या शरद ऋतूत रायली एक दिवस कॉफी ओतताना म्हणाली, "मला एक नाताळ असा हवाय की वरून काही पडणार नाही."

एकाचे नऊ झाले. दरवर्षी थायलंडमधलं तेच गाव, चाअम. समुद्रासमोर पा लमायच्या सहा झोपड्या, त्यातल्या शेजारशेजारच्या दोन यांच्या. पा लमाय त्यांच्याच वयाची, विधवा, बडबडी. फिनलंडच्या पाहुण्यांना वीस वर्षं जेवायला घालून घालून तिला त्यांची भाषा यायला लागली होती. ती तौनोला लुंग म्हणायची, म्हणजे काका.

पहिल्या वर्षीची गोष्ट ती अजून सगळ्यांना सांगते. रात्री वारा सुटला आणि झोपड्यांसमोरच्या वाटेवर वाळू येऊन पडली. तौनो सवयीने पहाटे उठला. वाट पांढरी दिसली. बागेच्या कोपऱ्यात फावडं होतं. सूर्य वर येईपर्यंत त्याने सहाही झोपड्यांच्या पायऱ्या, वाट आणि रस्त्यापर्यंतचा तुकडा साफ करून वाळूचे दोन सरळ ढीग कडेला लावून ठेवले. पा लमाय आली आणि घाबरलीच. तिला वाटलं पाहुणे रागावले, जागा घाण आहे म्हणतात. ती हात जोडून माफी मागायला लागली. तौनोला काही कळेना. शेवटी रायली पायजम्यावरच बाहेर आली, ते सरळ ढीग बघितले आणि पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अहो, हा रागावलेला नाहीये," ती पा लमायला म्हणाली, "याचा ट्रक घरी राहिलाय, एवढंच!"

संध्याकाळी पत्ते. त्यांच्याकडे तुप्पी खेळतात. चौघं लागतात, दोन दोन भिडू समोरासमोर. बोलायचं नाही, खूण करायची नाही, भिडूच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखायचं. नवरा-बायको भिडू झाले की घरी जाऊनही भांडण संपत नाही, म्हणून हेल्काने पहिल्याच वर्षी नियम केला होता. तेव्हापासून तौनो आणि हेल्का एका बाजूला, रायली आणि कालेवी दुसऱ्या. नऊ वर्षांत रायली आणि कालेवी बहुतेक वेळा जिंकले. कालेवीचा चेहरा म्हणजे भिंत. आणि रायलीला ती भिंत वाचता यायची.

या वर्षी तौनो येणार नव्हता. ऑक्टोबरात हेल्का त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"रिकाम्या घरात बसून काय करणार आहेस? पडदे धुणार?"

"धुवायचेच आहेत."

"मग धू. आणि सोळा डिसेंबरला बॅग घेऊन दारात उभा राहा."

तो हो म्हणाला, पण हेल्काला वाटलं त्या कारणासाठी नाही. त्याला विचारायचं होतं, आणि तिलाच विचारायचं होतं. रायली जर कुणाला बोलली असेल तर हेल्कालाच. विमानात हेल्का तोंड उघडं टाकून झोपली होती आणि तो तिच्याकडे बघत होता. हिला माहीत होतं का? माहीत असून ही तीन आठवडे माझ्याशेजारी बसून नारळपाणी पीत होती का? तसं असेल तर पुढे काय करायचं, ते त्याने ठरवलं नव्हतं. पण या दोघांशिवाय गावात त्याला दुसरं कुणी नव्हतं, हेही त्याला माहीत होतं.

पा लमायने त्याला नेहमीची झोपडी दिली नाही. शेवटची दिली, टोकाची. एकच पलंग, एकच खुर्ची, आणि खिडकी पूर्वेला. तौनोने किल्ली घेतली. हेल्काने फोन करून कळवलं असेल, असं त्याला वाटलं. बरं केलं, असंही वाटलं. दोन पलंगांच्या खोलीत त्याला झोप आली नसती.

दिवस गेले. रोज सकाळी तो हेल्काला विचारायचं ठरवायचा आणि रोज काहीतरी निघायचं. हेल्काने घरून सलगम आणले होते. नाताळच्या जेवणाला कुस्करलेल्या सलगमाचा भाजलेला पदार्थ हवाच, त्याशिवाय तिच्या लेखी येशू जन्माला येत नाही. बॅगेतून साडेचार किलो सलगम निघाले आणि एकच बदलायचा झगा.

"कपडे कुठायत तुझे?" तौनोने विचारलं.

"इथं कपडे मिळतात. सलगम मिळत नाहीत."

"गेल्या वर्षी रायली म्हणाली होती की इथला भोपळा चालेल."

"रायलीला काय, सगळंच चालायचं," हेल्का म्हणाली आणि सलगम पुन्हा मोजायला लागली. त्या दिवशीही विचारायचं राहिलं.

चोवीस तारखेला सकाळी पा लमाय त्याच्या पायरीशी पपई कापून घेऊन आली. ऊन खिडकीतून सरळ पलंगावर आलं होतं.

"झोप लागते ना इथं, लुंग?"

"लागते. खोली चांगली दिलीत. हेल्काने फोन केला होता वाटतं?"

"हेल्काने? नाही हो. रायलीनेच सांगून ठेवलं होतं."

तौनोने पपईची फोड परत ताटलीत ठेवली. "कधी?"

"गेल्या वर्षी. तुम्ही निघालात त्याच्या आदल्या दिवशी. म्हणाली, पुढच्या वर्षी तौनो एकटा येईल, त्याला टोकाची द्या. सकाळी ऊन येतं, तो पडून राहणार नाही." पा लमायने डोळे पुसले. "मला तिचं सगळं समजेना. एकटा का येईल, भांडलात का, असं मी विचारत होते. मग कालेवीने मला नीट समजावून सांगितलं. मी खूप रडले. ती मलाच गप्प करत होती."

"कालेवीने?"

"तिच्याबरोबर तोच तर आला होता." तिने त्याचं तोंड पाहिलं आणि तिचा हात तोंडाशी गेला. "लुंग, तुम्हाला माहीत नव्हतं?"

कालेवी आणि हेल्का मोठ्या चुलीपाशी बसले होते. हेल्का सलगम सोलत होती, कालेवी चिरत होता. तौनो सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याने कालेवीला विचारलं.

"रायली मरणार आहे हे तुला माहीत होतं?"

कालेवीची सुरी थांबली. हेल्काने आधी तौनोकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो नाही म्हणेल याची ती वाट बघत होती.

"होतं," कालेवी म्हणाला.

"कधीपासून?"

"इथं आलो त्याच्या तिसऱ्या दिवसापासून. आपण खेळत होतो. तिनं एक्का नको तिथं टाकला आणि मी ओरडलो. आठवतं?"

तौनोला आठवलं. कालेवी कधी ओरडत नाही, म्हणून सगळेच हसले होते. रायलीही हसली होती.

"दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याबरोबर मासळी आणायला आली. वाटेत म्हणाली, मी चुकीचे पत्ते का टाकतेय ते भिडूला तरी कळायला हवं. पोटात दुखतं, लक्ष लागत नाही. आणि मग सगळं सांगितलं. म्हणाली, तुझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, त्या दोघांच्या लगेच दिसतं."

"त्या दोघांच्या?" हेल्काचा आवाज चिरकला. "म्हणजे माझ्याही? कालेवी, तीस नाताळ मी त्या बाईबरोबर काढले! तुम्ही दोघं बर्फात असायचात तेव्हा तिच्या टेबलापाशी कोण बसायचं? मी! आणि तिनं तुला सांगितलं? तुला?"

"हेल्का, अगं..."

"अगं नको म्हणूस मला! एक वर्ष माझ्याशेजारी झोपलास तू. तिच्या मातीला माझा हात धरून उभा होतास. तेव्हा तरी सांगायचंस!" तिने हातातला सलगम पातेल्यात आपटला, उठली आणि झोपडीत जाऊन दार लावून घेतलं.

तौनो हलला नाही. त्याला वाटलं होतं हेल्काला माहीत असेल, आणि आता हेल्काच त्याच्या बाजूला येऊन पडली होती.

"सत्तावीस तारखेला," तो म्हणाला, "ती मला म्हणाली, चल, जरा पाण्यात जाऊन बसूया. मी म्हटलं उद्या जाऊ. आपण पा लमायच्या भावाच्या होडीचं इंजिन खोलून बसलो होतो."

"माहितीय."

"दुसऱ्या दिवशी लाटा मोठ्या होत्या. मग विषयच राहिला."

"मी तुला म्हटलं होतं, तू जा, इंजिन कुठं पळतंय? तीनदा म्हटलं, तौनो."

"का म्हणतोयस ते नाही सांगितलंस!"

तौनो एवढ्या मोठ्याने बोलला की शेजारच्या अंगणातली जर्मन बाई वळून बघायला लागली. कालेवीने सुरी खाली ठेवली. त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता. हात त्याने मांडीखाली घातले.

"शब्द दिला होता तिला."

"मला कळलं असतं तर मी..."

"तर काय केलं असतंस?"

तौनोने खरंच विचार केला. "तिच्याकडे बघत बसलो असतो," तो म्हणाला. "सारखा."

"तेच तिला नको होतं. तीन आठवडे कुणी तसं बघायला नको होतं. ती म्हणाली, घरी गेल्यावर सगळे तसेच बघणार आहेत, हा एक नाताळ मला राहू दे." कालेवी थांबला. एवढं सलग बोलायची त्याला सवय नव्हती. "तुला काय वाटतं, मला सोपं गेलं? रोज संध्याकाळी ती समोर बसायची. मी पत्ते बघायचो, तिच्याकडे नाही. शेवटचे चार दिवस आम्ही सगळे डाव हरलो. तुम्ही दोघं केवढे खूश होता."

तौनो वळला आणि चालायला लागला.

तो किनाऱ्याने होड्यांपर्यंत गेला. बँकॉकहून सुट्टीला आलेली कुटुंबं चटया टाकून बसली होती, भाजलेल्या माकुळांचा वास येत होता, पोरं फुगवलेल्या टायरांवर बसून लाटांत उलटीपालटी होत होती. तौनोने गेलं वर्ष एकेक दिवस करून आठवायला घेतलं. ती पहाटे त्याच्या आधी उठून बसायची, ते उकाड्याने नव्हतं. ती बाजारातून नवे झगे घेऊन आली नाही. दरवर्षी दोन घ्यायची. निघायच्या दिवशी ती पा लमायला मिठी मारून बराच वेळ उभी होती आणि तो टॅक्सीपाशी घड्याळ दाखवत होता. आणि त्याबरोबर हेही आठवलं की ती खूप हसली होती. नाटकी हसणं त्याने ओळखलं असतं, बेचाळीस वर्षांचा संसार होता. ती खरंच हसली होती. लिंबू पिळलेला मासा बोटांनी खात, नाकाला ऊन लागून साल निघालेली, "तौनो, आज घरी किती?" असं विचारायची आणि त्याने उणे अठरा म्हटलं की टाळी वाजवायची. कुणी तिच्याकडे तसं बघत नव्हतं. तोही नाही. तो पेपर वाचत होता.

पाच वाजायच्या आत तो परतला. दुसरीकडे कुठे जाणार? दुपारी बारा वाजता तुर्कू शहरात चर्चची घंटा होते आणि नाताळच्या शांतीचा जाहीरनामा वाचतात. तो ऐकल्याशिवाय फिनलंडमध्ये नाताळ लागत नाही. चाअममध्ये तेव्हा संध्याकाळचे पाच वाजतात. कालेवीने फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला होता. सलगम त्याने एकट्यानेच कुस्करून भट्टीत घातले होते आणि ते करपले होते. हेल्का सुजलेल्या डोळ्यांनी बाहेर आली आणि तौनोशेजारी उभी राहिली, नवऱ्याशेजारी नाही.

घंटेचे बारा ठोके पडले. तिघं उभी राहून ऐकत होती. आजच्या दिवशी जो कुणी शांतता मोडील त्याला कडक शिक्षा होईल, असं तो माणूस दरवर्षीप्रमाणे वाचत होता.

"ऐकलंस?" हेल्का कालेवीला म्हणाली. दुपारनंतरचा तिचा हा पहिला शब्द.

"मी कुठं भांडतोय?"

"भांडलास तर बरं होईल. निदान तोंड तरी उघडशील."

जेवायला बसले. टेबलाला तीन खुर्च्या होत्या. करपलेला पदार्थ हेल्काने चमच्याने उकरून बघितला.

"हे काय केलंयस? डांबर आहे का?"

"वरचं काढ. खालचं चांगलंय," कालेवी म्हणाला.

"रायलीने एका वर्षी याच्याहून जास्त करपवलं होतं," तौनो म्हणाला. तिचं नाव घ्यायला दोघं घाबरत होती ते त्याला दिसत होतं, म्हणून त्यानेच घेतलं. "आम्ही आलो तेव्हा तुम्ही दोघी खिडक्या उघडून बसला होतात. उणे तीसमध्ये."

"ते तिने नाही, मी करपवलं होतं," हेल्का म्हणाली. "तिनं स्वतःवर घेतलं, कारण तू रागावत नाहीस आणि हा रागावतो." आणि मग ती हसता हसता रडायला लागली. कालेवीने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

पत्ते कालेवीच्या शर्टाच्या खिशात होते, वरून चौकोन दिसत होता. त्याने ते काढले नाहीत. तिघांत तुप्पी होत नाही. अंधार पडायच्या आधीच सगळे उठले.

राहिलेले पंधरा दिवसही गेले. तौनो आणि कालेवी रोज मासळी आणायला जायचे. आधी एक पुढे आणि एक मागे, नंतर बरोबरीने. भरती-ओहोटीबद्दल बोलायचे, त्या होडीचं इंजिन पुन्हा बंद पडलं त्याबद्दल बोलायचे. रायलीबद्दलही बोलायचे. एकदा कालेवी म्हणाला की तिच्यासारखा भिडू आता मिळायचा नाही, आणि तौनोला पहिल्यांदाच वाटलं की त्या टेबलावर आपल्या एकट्याचंच काही गेलेलं नाही.

आता मार्च आहे. केमियार्वीत छपरांपर्यंत बर्फ आहे आणि तो काढायला दुसरी माणसं आहेत. दर शनिवारी तौनो सॉना तापवतो आणि कालेवी टॉवेल घेऊन येतो. दोघं वरच्या फळीवर बसतात. दगडांवर पाणी कोण टाकणार यावरून वाद होतो, वाफेत कालेवीचे कान लाल होतात, मग बाहेरच्या बाकावर बसून एकेक बाटली बिअर पितात. हेल्काने नवऱ्याला माफ केलं आहे, म्हणजे ती त्याला पुन्हा पूर्वीसारखं टाकून बोलते.

तौनोनेही कालेवीला माफ केलं आहे. त्याहून जास्त म्हणजे, त्याला आता वाटतं की कालेवीने शब्द पाळला ते बरं केलं. हे त्याच्या मनात जानेवारीपासून आहे. दर शनिवारी तो ते म्हणायचं ठरवतो.

अजून म्हटलेलं नाही.